न खाल्ल्याची नोंद

'अजगर' हा शब्द मुळात एक नोंदच आहे. संस्कृतात 'अज' म्हणजे बकरा आणि 'गर' म्हणजे गिळणारा. हत्तीला त्याच्या सोंडरूपी हातावरून 'हस्ती' म्हटले गेले, 'भुजंग' हे नाव सापाच्या वाकड्या चालीवरून आले. अजगराला मात्र नाव मिळाले ते त्याच्या जेवणावरून. कोणीतरी, केव्हातरी त्याला बकरा गिळताना पाहिले, ते दुसऱ्याला सांगितले, आणि ते सांगणे शब्दात गोठून राहिले. पाहणाऱ्याचे नाव, गाव, दिवस, काहीच उरले नाही. उरली ती फक्त खाल्ल्याची नोंद.

आपल्या परंपरेने या प्राण्याच्या खाण्याइतकेच त्याच्या न खाण्याकडेही लक्ष दिलेले आहे. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्याच्या शापाने अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो. भीम त्याचे अन्न आहे. पण युधिष्ठिर तेथे येतो, प्रश्नोत्तरे होतात, आणि हाती आलेले अन्न अजगर सोडून देतो. शांतिपर्वात एका मुनीचे 'आजगर व्रत' येते: जे आपोआप समोर येईल ते घ्यावे, न आले तर पडून राहावे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे. एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेतून हा गुरू मराठी श्रोत्यांच्या घरात आला. तो उद्यम करीत नाही, चवीची तक्रार करीत नाही, आणि कित्येक दिवस अन्नावाचून निश्चल राहतो. विरक्तीचा दृष्टांत म्हणून हे सांगितले गेले हे खरे. पण दृष्टांत तयार होण्यासाठी कोणीतरी आधी अजगराकडे पुष्कळ दिवस पाहत बसलेले असले पाहिजे. उपवास हा एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. आज खाल्ले नाही, उद्या खाल्ले नाही, परवाही खाल्ले नाही, अशी मनातल्या मनात का होईना, मोजदाद ठेवावी लागते.

ही मोजदाद कागदावर उतरली तेव्हा काय झाले, याचा इतिहास या लेखात पाहायचा आहे. साप बंदिवासात ठेवणाऱ्यांच्या नोंदवह्या हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना दूरचा वाटेल. परंतु साक्ष कोणाची ग्राह्य धरायची, कोणत्या स्वरूपात सांगितलेले 'सत्य' ठरते, आणि लिहून ठेवलेल्या कागदाला इतका अधिकार का मिळतो, हे प्रश्न आपलेच आहेत. एका अजगराच्या मादीमुळे हे तिन्ही प्रश्न एकोणिसाव्या शतकात एकत्र उभे राहिले.

या हकिगतीची सुरुवात बंगालमध्ये होते. क्रिस्तोफ-ओग्युस्तँ लामार-पिको हा फ्रेंच औषधविक्रेता, प्रवासी आणि संग्राहक. चंद्रनगर, कलकत्ता, मॉरिशस अशा ठिकाणी त्याचा वावर होता. भारतातून परतताना त्याने वस्तूंचा मोठा संग्रह नेला, आणि त्याबरोबर सापांविषयीची काही विधानेही नेली. त्यांपैकी एक असे होते, की अजगराची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते आणि स्वतःच्या अंगच्या उबेने ती उबवते. 1832 च्या सुमारास हे विधान पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आले.

अकादमीच्या वतीने त्यावर मत देण्याचे काम कॉन्स्तां द्युमेरील यांच्याकडे आले. ते निसर्गेतिहास संग्रहालयात सरीसृप आणि माशांचे प्राध्यापक होते, आणि त्या काळी सापांच्या बाबतीत त्यांच्याहून मोठा अधिकारी युरोपात क्वचितच असेल. त्यांनी हे विधान संशयास्पद ठरवले. त्यांच्या नकारामागचे कारण समजण्यासारखे आहे. सापाचे रक्त थंड. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे चढते-उतरते. ज्याच्याजवळ स्वतःची ऊब नाही तो ती अंड्यांना कोठून देणार? पक्ष्याने करावे ते सापाने करणे म्हणजे प्राणिसृष्टीच्या वर्गवारीचा एक मोठा खांबच हलवणे होते. लामार-पिकोने 1835 साली या अहवालाचा प्रतिवाद करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिने कोणाचे मत बदलले नाही. एका बाजूला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला वसाहतीतून फिरून आलेला औषधविक्रेता. असा सामना पुराव्यावाचून कसा संपतो हे सांगायला नको.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू नये. बंगालच्या रानात अंड्यांवर बसलेली अजगराची मादी परदेशी माणसाला आपली आपण सापडत नाही. त्याला तिची जागा ठाऊक असलेले, ती काय करते हे सांगणारे, हातात काठी घेऊन पुढे चालणारे कोणीतरी स्थानिक असलेच पाहिजे. पुढच्या शास्त्रीय ग्रंथांत या विधानाचा उल्लेख येतो तो लामार-पिकोच्या नावाने. म्हणजे अकादमीने त्याचे ऐकले नाही ही तक्रार इतिहासात नोंदली गेली. त्याला ज्यांनी सांगितले त्यांचे कोणी ऐकले की नाही, हा प्रश्न उद्भवण्याइतकेही त्यांचे अस्तित्व उरले नाही. 'अजगर' हा शब्द घडवणाऱ्याचे जे झाले तेच यांचेही झाले.

वादाचा निकाल रानात लागला नाही. तो पॅरिसमध्ये, खुद्द द्युमेरील ज्या संस्थेत शिकवत होते तिच्याच आवारात, एका पेटीत लागू लागला. जार्दां दे प्लांत या उद्यानातल्या प्राणिसंग्रहात 1830 च्या दशकाच्या अखेरीपासून जिवंत सरीसृप ठेवले जाऊ लागले होते. तेथे दुरेघी अजगरांची एक जोडी होती. 1841 च्या मे महिन्याच्या आरंभी मादीने 15 अंडी घातली, ती गोळा केली, त्यांच्याभोवती वेटोळे रचले आणि वर डोके टेकून ती बसून राहिली.

तिच्याकडे लक्ष ठेवून लिहून काढणारा शास्त्रज्ञ सापांचा तज्ज्ञ नव्हता, हे मला नेहमीच महत्त्वाचे वाटत आले आहे. आशील व्हालांसिएन हे त्याच संस्थेत मृदुकाय प्राण्यांचे प्राध्यापक होते, आणि क्यूव्हिए यांच्याबरोबर केलेल्या माशांवरील विशाल ग्रंथासाठी ते प्रसिद्ध होते. सापाने काय करावे याविषयीचा कोणताही सिद्धान्त त्यांना राखायचा नव्हता. त्यांनी तापमापी घेतली. हवेचे तापमान, पेटीतले तापमान, वेटोळ्यांच्या मधले तापमान अशा नोंदी मे आणि जून असे दोन महिने चालू राहिल्या. वेटोळ्यांमधला पारा भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंश वर उभा असे. मादीने या काळात अन्न नाकारले. पाणी मात्र ती घेत असे. जुलैच्या आरंभी, 56 दिवसांनी, पहिले कवच फुटले. 15 पैकी 8 अंड्यांतून पिले बाहेर आली. व्हालांसिएन यांचे निवेदन त्याच वर्षी अकादमीच्या कामकाजात छापले गेले. त्याचे शीर्षकही कोरडेच आहे: अमुक जातीच्या मादीने अंडी उबवताना अमुक दोन महिन्यांत केलेली निरीक्षणे. लामार-पिकोच्या पुस्तिकेतला आवेश त्यात नाही. असण्याची गरजही नव्हती.

या नोंदवहीत सर्वांत बोलकी नोंद कोणती, असे विचारले तर मी तापमानाच्या आकड्यांकडे बोट दाखवणार नाही. 'खाल्ले नाही' ही नोंद मला अधिक मोलाची वाटते. ज्याने कधी साप सांभाळलेला आहे, सर्पोद्यानात काम केले आहे, किंवा अशा माणसाची वही चाळली आहे, त्याला या नोंदीचे वजन कळेल. सापाच्या वहीत रोज लिहिण्याजोगे फारसे काही नसते. तारीख, भक्ष्य कोणते, त्याचे वजन किती, घेतले की नाकारले, गिळलेले उलटून टाकले का, विष्ठा केव्हा केली, कात केव्हा टाकली, स्वतः सापाचे वजन किती: एवढेच रकाने. कुत्रा भुकेला असला तर सांगतो, मांजर तर घर डोक्यावर घेते. साप काहीच सांगत नाही. त्याचा चेहरा बदलत नाही, आवाज नाही, लाडीगोडी नाही. म्हणून त्याच्याशी होणारा सगळा संवाद वहीतूनच होतो. आज नाकारले याला अर्थ नाही. पण डोळ्यांवर दुधी झाक आली आहे आणि नाकारले, तर कात टाकायची वेळ जवळ आली आहे. थंडीत नाकारले, तर ऋतू आहे. मादीने नाकारले, वजन टिकून आहे आणि ती पेटीच्या एका कोपऱ्यात वेटोळे घालून बसते आहे, तर तिच्या पोटात अंडी असू शकतात. तेच वजन दर आठवड्याला घसरत असेल, तर हा आजार आहे. एकच शब्द, 'नाकारले', आधीच्या ओळींमुळे निरनिराळा अर्थ घेतो. संदर्भावाचून शब्दाला अर्थ नाही हे आपण वर्गात शिकवतो. सापाच्या वहीत ते रोज सिद्ध होत असते.

अजगराला इतके दिवस न खाता राहणे परवडते कसे, याचे उत्तर फार अलीकडे मिळाले, आणि तेही अशाच नोंदींतून. अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी 1990 च्या दशकात दुरेघी अजगरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की दोन जेवणांच्या मधल्या काळात हा प्राणी आपली पचनसंस्था जवळजवळ बंद करून ठेवतो. आतडे आकसते, पाचकरसांची निर्मिती मंदावते. मोठे भक्ष्य गिळल्यावर आतडे, यकृत, मूत्रपिंडे एकदोन दिवसांत वाढतात, आणि शरीराचा प्राणवायूचा वापर विश्रांतीच्या वेळच्या 44 पटींपर्यंत जाऊ शकतो. पचन संपले की सारे पुन्हा आवरून ठेवले जाते. अवधूताचा गुरू विरक्त होता की नाही हे कळायला मार्ग नाही. पण वापरात नसलेल्या खोल्यांचे दिवे मालवून ठेवण्याची त्याची रीत त्या पाहणाऱ्यांनी बाहेरून बरोबर ओळखली होती.

आता पॅरिसहून लंडनला जाऊ, कारण वाद तेथे पोचला होता. रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली सापांसाठी स्वतंत्र इमारत उघडली गेली. सरीसृपांसाठीची जगातली ती पहिली समजली जाते. या संस्थेत 1828 पासून रोजच्या घडामोडींची वही ठेवली जात असे. हवा कशी होती, कोणता प्राणी आला, कोणता मेला, याची दिवसागणिक नोंद त्यात होई. सापांना त्या काळी जिवंत भक्ष्य देत आणि ते पाहायला प्रेक्षक जमत. चार्ल्स डिकन्सने असे एक जेवण योगायोगाने पाहिले. त्याविषयीच्या एका पत्रात तो सांगतो, की ते दृश्य मनातून जात नाही, लिहितानाही मेजाच्या पायांवरून साप वर येत असल्याचा भास होतो आहे. डिकन्सने पाहिलेले आणि रखवालदाराने वहीत लिहिलेले, हे एकाच घटनेचे दोन पाठ आहेत. एकात भक्ष्याच्या अंगावरचा काटा आहे, पाहणाऱ्याची झोप उडाली आहे. पण सापाविषयी त्यातून काही कळत नाही. दुसऱ्यात तारीख आणि 'घेतले' एवढेच आहे. त्यात भक्ष्य प्राण्याला भीती वाटली असेल याची खूणही नाही. जिवंत प्राणी प्रेक्षकांसमोर देण्याची प्रथा बदलली ती पहिल्या प्रकारच्या लेखनाने जागवलेल्या लोकमतामुळे. साप जगवण्याची कला वाढली ती दुसऱ्या प्रकारच्या लेखनामुळे. आज जबाबदारीने साप सांभाळणारे बहुतेक जण आधीच मारलेले, गोठवून पुन्हा कोमट केलेले भक्ष्य देतात. त्यात दोन्ही लेखनांचा वाटा आहे.

1862 च्या आरंभी लंडनमधल्या आफ्रिकी अजगराच्या मादीने शंभराच्या आसपास अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती बसली. संस्थेचे सचिव फिलिप स्क्लेटर यांनी तिचे तापमान घेतले. तुलनेसाठी त्याच आवारातल्या नराचेही घेतले. मादी अधिक ऊबदार होती. पण अंडी उबली नाहीत. मग 1881 साली विल्यम फोर्ब्झ या तरुण शरीररचनातज्ज्ञाने त्याच ठिकाणी भारतीय अजगराच्या मादीवर पुन्हा मोजमापे केली. त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच तापमानवाढीला 'कथित' असे विशेषण आहे. पॅरिसच्या नोंदीला 40 वर्षे झाली तरी शंका गेली नव्हती, हे त्या एका शब्दावरून कळते. फोर्ब्झला फरक आढळला, पण तो आधीच्या आकड्यांहून बराच लहान होता.

येथे वाचकाला वाटेल, की प्रस्थापितांनी पुन्हा एकदा सत्याकडे पाठ फिरवली. मला तसे वाटत नाही. फोर्ब्झची शंका रास्त होती. बंदिवासातल्या अजगराला युरोपच्या थंडीत जगवायचे तर पेटी तापवावी लागते, घोंगड्या घालाव्या लागतात. वेटोळ्यांमध्ये साचलेली ऊब मादीच्या शरीराची की खालून दिलेल्या उष्णतेची, हे केवळ तापमापी लावून सांगता येत नाही. तापमापी कोठे ठेवली, किती वेळ ठेवली, त्या दिवशी खोली किती तापली होती, हे सारे लिहिलेले नसेल तर आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरतो. वही असणे पुरेसे नाही; वहीचीही साक्ष तपासावी लागते. फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 साली अमेरिकेत हेच काम अधिक काटेकोरपणे केले, तेव्हा उबवणारी मादी हवेपेक्षा तीन-चार अंशांनी ऊबदार असल्याचे दिसले. व्हालांसिएन यांना दिसलेला फरक याहून मोठा होता. ते मुद्द्यात बरोबर होते. आकड्यात मात्र जरा उदारच होते.

शेवटचा तुकडा 1966 साली बसला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील प्राणिसंग्रहालयातल्या दुरेघी अजगराच्या मादीला हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर या तिघांनी तिच्या अंड्यांसह बंद कक्षात ठेवले, आणि तापमानाबरोबर ती किती प्राणवायू वापरते हेही मोजले. कक्षातली हवा 33 अंशांच्या खाली उतरू लागली, की मादीच्या अंगातून ठरावीक अंतराने आचके येऊ लागत. हवा जितकी थंड, तितके आचके अधिक, आणि तितका प्राणवायूचा वापर अधिक. आपण थंडीत कुडकुडतो तसे स्नायू आकुंचित करून ती ऊब निर्माण करीत होती. ही ऊब आतून येत होती याविषयी आता वाद उरला नाही. 1832 मध्ये 'संशयास्पद' ठरलेले विधान सिद्ध व्हायला 134 वर्षे लागली. या सबंध काळात अंड्यांवर बसलेली प्रत्येक मादी उपाशी राहून, स्वतःच्या मांसाची चरबी जाळून कुडकुडत होती. तिच्या न खाण्याची किंमत काय होती, हे शेवटी प्राणवायूच्या आकड्यात लिहिले गेले.

या हकिगतीतून एक सोपा धडा काढण्याचा मोह होतो: लोकांना ठाऊक होते, पंडितांनी ऐकले नाही. गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेत लोकज्ञानाची बाजू घेण्याची जी रीत पडली आहे, तिला हा धडा फार सोयीचा आहे. परंतु तो अर्धाच आहे. ज्या देशातल्या लोकांना अजगर अंडी उबवतो हे माहीत होते, त्याच देशातल्या लोकांना धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हेही तितक्याच खात्रीने माहीत होते. आपल्या खेड्यांत ही समजूत आजही ऐकू येते. धामणीच्या तोंडाची ठेवण पाहिली तर सड लुचणे तिला शक्य नाही. तिचे अन्न उंदीर, बेडूक, पक्षी. नागपंचमीला गारुड्याच्या नागाने दूध प्यायलेले अनेकांनी 'डोळ्यांनी' पाहिले आहे. पण अनेक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते प्यायलाच लागतो, आणि ते दूध त्याला बाधते. म्हणजे एकाच तोंडून, एकाच स्वरात, एक खरे आणि एक खोटे विधान आले. द्युमेरील यांची चूक त्यांनी शंका घेतली ही नव्हती. ज्या गोष्टीचा निकाल पाहण्याने लागू शकतो तिचा निकाल त्यांनी सिद्धान्ताने लावला, ही त्यांची चूक. आणि लोकज्ञानाचा सन्मान करायचा तर त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे. न तपासता मान डोलावणे हासुद्धा न ऐकण्याचाच एक प्रकार आहे.

नोंद न ठेवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्याच दुरेघी अजगराने पुढे दाखवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा साप हौसेने पाळण्याची लाट आली. दुकानात हातभर दिसणारे पिलू काही वर्षांत माणसाच्या दुप्पट लांब होते, आणि मग ते परवडेनासे होते. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदली प्रदेशात असे सोडून दिलेले वा निसटलेले अजगर वाढले; 2000 सालापर्यंत त्यांची तेथे प्रजा स्थिरावल्याचे मान्य झाले. कोणता साप कोणाकडून, केव्हा सुटला याची वही कोठेच नव्हती. फ्लोरिडाने परवाना आणि सापाच्या कातडीखाली ओळखचिप बसवणे सक्तीचे केले ते 2008 साली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 1990 च्या दशकातल्या मोजणीशी तुलना करता, तेथल्या रस्त्यांवर रात्री दिसणाऱ्या रॅकूनची संख्या 99.3 टक्क्यांनी आणि ऑपॉसमची 98.9 टक्क्यांनी घटलेली आढळली. पाळणाऱ्यांनी जी खाण्याची नोंद ठेवली नाही, ती शेवटी एका अरण्याच्या रिकामेपणात वाचावी लागली.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय अजगर घरी ठेवता येत नाही. विदेशी साप पाळणाऱ्यांची मात्र दीर्घकाळ कोठे गणतीच नव्हती. 2022 ची कायदादुरुस्ती आणि तिच्या आधारे 2024 साली आलेले नियम यांनी अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. सरकारी नोंदणी म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. एव्हरग्लेड्सची हकीगत वाचल्यावर त्या थोड्या सैल व्हाव्यात.

फ्लोरिडातल्या याच अजगरांना शोधायला 2017 च्या आरंभी तमिळनाडूतून दोन माणसे बोलावली गेली: मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल. दोघेही इरुळा जमातीचे. पिढ्यानपिढ्या साप पकडणाऱ्या या जमातीचा उदरनिर्वाह सापांच्या कातडीच्या व्यापारावर बंदी आल्यावर संपत आला होता. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली, आणि चेन्नईजवळच्या वडनेम्मेली येथे प्रतिसर्पविषासाठी लागणारे विष काढण्याचे काम सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडून मडक्यांत ठेवायचे, काही आठवडे ठरावीक अंतराने विष काढायचे, पोटावरच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडायचे. कोणता साप केव्हा आला, त्याचे विष कितीदा काढले, तो केव्हा सुटला, याची वही तेथे ठेवतात. फ्लोरिडात या दोघांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या आत 13 अजगर पकडले. त्यांत 16 फूट लांबीची एक मादी होती. तेथल्या सरकारी खात्याने ती संख्या, ती लांबी आणि ती नावे लिहून ठेवली. 2023 साली भारत सरकारने दोघांना पद्मश्री दिली.

लामार-पिकोला बंगालच्या रानात घेऊन जाणारा माणूस कोण होता, हे आता कळणार नाही. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, त्याला काय वाटले असेल, याविषयी कल्पना लढवण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात जे ज्ञान होते तसलेच ज्ञान बाळगणाऱ्या दोन माणसांची नावे मात्र आज वहीत आहेत, तारखेसह, सापाच्या लांबीसह. एका रकान्याचा एवढाच बदल व्हायला जवळजवळ दोनशे वर्षे गेली. साप सांभाळणारा आपल्या वहीत 'आज खाल्ले नाही' असे लिहितो, तेव्हा या ओळीचा पुढे कोणाला काय उपयोग होईल हे त्याला ठाऊक नसते. तरीही तो ती लिहितो, आणि शेजारी तारीख घालतो. लिहिणारा कोण, हेही त्याने तेथेच लिहून ठेवावे.